दोघांतला धाकटा

४ मार्च, सोमवार

आजपासून मी सिगारच्या कारखान्याचा वाचक आहे, म्हणजे कामगार सिगार वळत असताना त्यांना मोठ्याने वाचून दाखवणारा. कायमचा नाही, सहा आठवडे परीक्षेवर. शुक्रवार, १२ एप्रिलला सिगार वळणारे चौऱ्याण्णव जण हात वर करून ठरवतील की आन्सेल्मो आरेन्सिबियाला ठेवायचं की घरी पाठवायचं. छत्तीस वर्षं मी या गावात भूगोल शिकवला. या चौऱ्याण्णवांपैकी निदान तीस जणांना मी स्वतः नापास केलेलं आहे. तरी मला चिंता वाटत नाही.

माझ्या आधी ओर्तेन्सियाबाई सत्तावीस वर्षं त्या खुर्चीत बसल्या. सकाळी वर्तमानपत्र, दुपारी कादंबरी. कादंबऱ्या कसल्या, तर अनाथ मुली, दुष्ट काका, आणि शेवटच्या पानावर सापडणारं मृत्युपत्र. बाईंचा घसा गेला, याचं मला आश्चर्य वाटत नाही.

मी चौथऱ्यावर चढलो आणि बसण्याआधीच सांगून टाकलं, "मी रचलेलं काही वाचणार नाही. दुपारी मी मोठमोठ्या खऱ्या हकिकती वाचेन. कुणीतरी तिथं जाऊन, पाहून, चार माणसांना विचारून लिहिलेल्या. या खुर्चीतून जो शब्द बाहेर पडेल तो घडलेला असेल."

दुसऱ्या रांगेतला विफ्रेदो (भूगोल, दोनदा नापास) मान वर न करता म्हणाला, "मग मास्तर, आम्ही रडायचं कशावर?"

"तू तुझ्या प्रगतिपुस्तकावर रड," मी म्हणालो.

हशा पिकला. सुरुवात चांगली झाली.

५ मार्च, मंगळवार

पेरूच्या किनाऱ्यावरच्या बेटांत खतासाठी पक्ष्यांच्या विष्ठेचा व्यापार कसा चालत असे, त्यावरची हकिकत सुरू केली. अठ्ठेचाळीस पानं. अत्यंत सखोल.

८ मार्च, शुक्रवार

विष्ठा संपली. इथं टाळ्या वाजवत नाहीत, हातात तंबाखूचं पान असतं. वाचन आवडलं तर तंबाखू कापायची अर्धगोल पाती फळीवर ठोकतात, नाही आवडलं तर ती जमिनीवर टाकतात. आज सहा पात्या वाजल्या आणि एकही पडली नाही. चार दिवसांत विफ्रेदोने या विषयावर जे विनोद केले ते मी इथे लिहिणार नाही. एक बरा होता.

वाचन समितीच्या अध्यक्ष ओब्दुलिया दुपारी माझ्याजवळ आल्या. पन्नाशीची बाई, आवाज मुकादमापेक्षा मोठा. "मास्तर, माहिती भरपूर मिळाली," म्हणाल्या. मी आभार मानले.

१३ मार्च, बुधवार

नवी हकिकत. अँडीज पर्वतातून खेचरांवर लादून एक पियानो नेला, त्याची. एकवीस माणसं, चार महिने, दोन खेचरं दरीत. लिहिणारा स्वतः त्या वाटेने चालत गेला होता आणि उरलेल्या म्हाताऱ्या हमालांना भेटला होता. आज पात्या वाजल्या, मोजता येणार नाहीत इतक्या. मुकादमही दारात उभा राहून ऐकत होता आणि मग आपण कशासाठी आलो होतो ते विसरून निघून गेला.

घरी येऊन क्लोतिल्देला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे विष्ठेपेक्षा पियानो बरा." बायकोला विषयाचं गांभीर्य पोचवणं मी फार पूर्वीच सोडून दिलं आहे.

१५ मार्च, शुक्रवार

अनर्थ.

पियानो डोंगरावरच्या गावात पोचला. ज्या मुलीसाठी मागवला होता ती तोवर लग्न होऊन गेली होती. हकिकतीचं शेवटचं वाक्य असं, की पियानो गावच्या चर्चच्या कोठीत ठेवला. मी मासिक मिटलं.

"पुढे?" ओब्दुलिया.

"पुढे नाही. एवढंच आहे."

"वाजवला कुणी?"

"ते लिहिलेलं नाही."

"एकवीस माणसं मरमर मेली, दोन खेचरं गेली, आणि वाजवला की नाही ते लिहिलेलं नाही?"

"लेखकाला कळलं नसेल. खऱ्या गोष्टीत असंच असतं, बाई."

तेव्हा पात्या पडायला लागल्या. आधी एक, मग रांगच्या रांग. सिमेंटच्या जमिनीवर नव्वद पात्या पडल्या की कसा आवाज होतो ते मला आज समजलं. पहिल्या रांगेच्या कडेला बसणाऱ्या एर्मिनियाबाई मोरेहोन, साठीच्या, कारखान्यातल्या सगळ्यात हळू आणि सगळ्यात चांगल्या वळणाऱ्या, त्यांनी तेवढी पाती टाकली नाही. त्या वळत राहिल्या. ऐकायला कमी येत असावं.

१८ मार्च, सोमवार

रविवार वाईट गेला. क्लोतिल्दे पावाच्या रांगेतून आली तेव्हा तिला तिथंच कळलं होतं. "पियानोचं काय झालं ते खोटंखोटं तरी सांगायचं," ती म्हणाली. मी तिला सत्य म्हणजे काय यावर काही बोललो. ती पाव कापत होती.

मतदानाला चार आठवडे उरले. ही नोकरी गेली तर मी सकाळी उठून काय करणार, हा प्रश्न मी स्वतःला विचारला आणि उत्तर न देता झोपलो. निवृत्त झाल्यापासूनचे अकरा महिने मी पुन्हा काढू शकणार नाही. परसात एकच आंब्याचं झाड आहे आणि मी त्याचं पुरेसं निरीक्षण केलेलं आहे.

जुन्या मासिकांच्या गठ्ठ्यातून नवी हकिकत काढली. अडतीस वर्षांपूर्वी दक्षिण किनाऱ्यावर बाताबानोहून समुद्रातले स्पंज काढायला गेलेली 'एस्त्रेया' नावाची होडी वादळात सापडली. सात माणसं होती. लेखकाने सात महिने बंदरात राहून लिहिलं आहे. यात माणसं मरतात, तेव्हा विफ्रेदोच्या रडण्याची सोय होईल.

२० मार्च, बुधवार

होडी निघाली. वाचन उत्तम चाललं आहे. एका पानावर लेखकाने सातही जणांची नावं, वयं, आडनावं, कुणाचा बाप कोण, कोण कुठल्या गल्लीत राहायचा हे सगळं दिलं आहे. वाचनात हे फार कंटाळवाणं होतं. मी ते पान गाळलं.

एर्मिनियाबाईंना ऐकू येतं. वाचन मध्येच तोडून त्यांनी विचारलं, "मास्तर, नावं नाहीत का त्यात?"

"आहेत. कथेला त्यांची गरज नाही."

"बरं," त्या म्हणाल्या.

२२ मार्च, शुक्रवार

जेवणाच्या सुट्टीत शेवट वाचून पाहिला, आधीच पाहायला हवा होता. तो असा आहे: पाच प्रेतं किनाऱ्याला लागली. दोघांचं काय झालं ते आजवर समजलेलं नाही.

बस्स. पुन्हा तेच. दोन वाजता मला चौऱ्याण्णव माणसांसमोर हे वाक्य वाचून मासिक मिटायचं होतं.

जे केलं ते स्पष्ट लिहितो, ही वही दुसरं कुणी वाचत नाही. मी एक कोरा कागद घेतला आणि मासिकाच्या शेवटच्या पानावर ठेवला. दोघांतला धाकटा वाचला, असं मी लिहिलं. तो एका फळीला धरून दोन दिवस तरंगला. मीठ नेणाऱ्या एका जहाजाने त्याला उचललं. डाव्या हाताची दोन बोटं गेली. लाजेने तो घरी परतला नाही, कारण बाकीच्यांच्या बायकांना काय तोंड दाखवणार. तो सिएनफुएगोसला बर्फाच्या कारखान्यामागे राहतो आणि जाळी दुरुस्त करतो. मृत्युपत्र वगैरे काही घातलं नाही. संयम राखला.

वाचून झालं. क्षणभर काही नाही, आणि मग पात्या, सगळ्या, फळीवर, थांबेनातच. विफ्रेदो नाक पुसत होता. ओब्दुलिया उठून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "ह्याला म्हणतात खरी गोष्ट!"

एर्मिनियाबाईंनी मात्र पाती ठोकली नाही. त्यांचे हात फळीवर नुसते पडलेले होते. काही लोकांना समाधानच नसतं.

२५ मार्च, सोमवार

आज जेवणाच्या सुट्टीत एर्मिनियाबाई चौथऱ्यापाशी आल्या. छत्तीस वर्षांत मला मिळालेली ही पहिली खरी विद्यार्थिनी म्हणायला हरकत नाही. त्यांना सिएनफुएगोस नेमकं कुठे आहे ते जाणून घ्यायचं होतं.

"मास्तर, इथून किती लांब?"

"रस्त्याने सुमारे नव्वद किलोमीटर. सांता क्लाराला गाडी बदलावी लागते."

"आणि तो बर्फाचा कारखाना? स्थानकावरून चालत जाता येतं?"

मी त्यांना नकाशा काढून दिला. खाडी, धक्का, मुख्य रस्ता, कारखाना, खाली प्रमाणपट्टी, उत्तर दिशेचा बाण. त्यांनी कागद चार घड्या करून पोलक्यात ठेवला.

"त्या धाकट्याचं नाव दिलंय का लिहिणाऱ्यानं?" त्यांनी जाता जाता विचारलं.

"नाही," मी म्हणालो. बुधवारी नावं आहेत म्हणालो होतो हे त्यांच्या लक्षात नसावं.

२८ मार्च, गुरुवार

नवी हकिकत: डासांविरुद्धची मोहीम. लोक शांतपणे ऐकतात. विफ्रेदोने विचारलं, "ह्यात डास शेवटी वाचतो ना मास्तर?" मी म्हटलं, धीर धर.

मुकादमाने एर्मिनियाबाईंच्या चाळीस सिगार परत केल्या. सैल वळलेल्या. तीस वर्षांत पहिल्यांदा, असं ओब्दुलिया म्हणाल्या. वय कुणाला चुकलंय.

३० मार्च, शनिवार

अर्धा दिवस. एर्मिनियाबाई निळा, इस्त्री केलेला पोशाख घालून आल्या होत्या, केस विंचरून वर बांधलेले. विफ्रेदो म्हणाला, "काय आज्जी, कुठं लग्न?" त्या हसल्या. मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. समोरचा एक दात नाही.

१ एप्रिल, सोमवार

एर्मिनियाबाई गैरहजर. गुडघे दुखत असतील.

डास हरत आहेत.

३ एप्रिल, बुधवार

एर्मिनियाबाई आल्या. सुट्टीत मला अंगणात गाठलं. त्यांच्या हातात माझा नकाशा होता, घड्यांवर फाटलेला.

"मास्तर, बर्फाचा कारखाना बंद होऊन बारा वर्षं झाली. मागे कुणी राहत नाही. बकऱ्या आहेत."

मी नकाशावरचा उत्तरेचा बाण पाहत राहिलो.

"धक्क्यावर विचारलं. जाळी दुरुस्त करणारे चार जण भेटले. दोन बोटं नसलेला कुणी नाही. एकाला तीन नाहीत, पण तो काळा आहे आणि तीस वर्षांचा." त्यांनी नकाशा तळहातावर सपाट केला. "माझं माणूस होतं त्या होडीवर. धाकटा भाऊ. मी बाताबानोची, मास्तर. लग्न होऊन इकडे आले. इथं कुणाला सांगितलं नाही कधी, काय सांगायचं."

आता मी जे लिहिणार आहे ते लिहायला मला पंधरा मिनिटं लागली आहेत. मी म्हणालो, "जागा बदलली असेल त्याने."

"कुठं?"

आणि मी म्हणालो, "त्रिनिदादला असेल. तिथं मच्छीमारांची वस्ती आहे."

त्यांनी नकाशा उलटा केला, कोरी बाजू माझ्यापुढे धरली आणि पेन्सिल दिली. मी त्रिनिदाद काढलं. प्रमाणपट्टीसकट.

४ एप्रिल, गुरुवार

क्लोतिल्दे जेवताना म्हणाली, "पावाच्या रांगेत अजून तुझ्या त्या होडीचीच चर्चा आहे. बर्फाच्या कारखान्यामागे राहतो म्हणे तो."

"हं."

"लग्नानंतर आपण सिएनफुएगोसला गेलो, तेव्हा तू मला तो कारखाना दाखवला होतास. तिथं उभं राहून तू मला बर्फ कसा करतात ते एक तास सांगितलंस. मी तो कारखाना आयुष्यात विसरणार नाही." तिने माझ्या ताटात भात वाढला. "तुझ्या मासिकातल्या माणसालाही नेमका तोच सापडला?"

मी जेवत राहिलो.

"कुणाला त्रास झाला का ह्यानं, आन्सेल्मो?"

मी सांगितलं. सगळं, त्रिनिदादसकट. क्लोतिल्दे भात अर्धा टाकून उठली, आणि हे तिच्या बाबतीत फार गंभीर लक्षण आहे. मग तिने मासिक आणून ताटाशेजारी ठेवलं. "ते गाळलेलं पान काढ."

काढलं. न सापडलेले दोघे: तांडेलाचा, म्हणजे होडीच्या म्होरक्याचा, चुलतभाऊ, वय पन्नास. आणि निकासियो मोरेहोन, वय सतरा, होडीवरचा स्वयंपाकी, एस्पेरांसा गल्ली, थोरल्या बहिणीबरोबर राहत असे.

मोरेहोन. एर्मिनियाबाई अजून माहेरचंच आडनाव लावतात. थोरल्या बहिणीबरोबर. लेखकाने तेवढंही विचारून लिहिलं होतं. मी कंटाळवाणं म्हणून गाळलं होतं.

५ एप्रिल, शुक्रवार

विचार केला. पुढच्या शुक्रवारी मतदान. एर्मिनियाबाईंना मतदानानंतर सांगितलं तरी चालेल. आठवड्याने काय फरक पडतो? अडतीस वर्षं गेली आहेत. हे मी तीनदा वाचून पाहिलं आणि तिन्ही वेळा ते मला पटलं. चौथ्यांदा वाचलं नाही.

८ एप्रिल, सोमवार

ओब्दुलिया कानाशी येऊन म्हणाल्या, "मास्तर, तुमचं पक्कं समजा. त्या होडीनं काम केलं."

एर्मिनियाबाईंनी मुकादमाकडे गुरुवारपासून तीन दिवसांची रजा मागितली आहे. त्रिनिदादची गाडी गुरुवारी पहाटे सुटते.

म्हणजे मतदानाच्या आधी. हे मी धरलं नव्हतं.

९ एप्रिल, मंगळवार

आज त्यांना एकटं गाठून सांगायचं ठरवलं होतं. अंगणात गेलो. त्या शहाळ्याच्या गाडीपाशी उभ्या होत्या.

"एर्मिनियाबाई, त्या त्रिनिदादबद्दल..."

"बरं झालं भेटलात," म्हणत त्यांनी नकाशा काढला. "ही रेघ म्हणजे नदी ना? गाडी अलीकडे थांबते की पलीकडे?"

मी पाहिलं. नदी मी चुकीच्या बाजूला काढली होती. ती खोडून नीट काढून दिली. त्यांनी आभार मानले. मी परत येऊन चौथऱ्यावर बसलो आणि दुपारभर डासांच्या अळ्यांविषयी वाचलं.

मी भित्रा माणूस आहे. आजवर हे तपासून पाहायची वेळच आली नव्हती. वर्गात मी एकटाच उभा असायचो, बाकी सगळे बसलेले.

१० एप्रिल, बुधवार

दोन वाजता चौथऱ्यावर चढलो. डास घरी ठेवले होते. मासिक नेलं होतं.

मी म्हणालो, "आज 'एस्त्रेया' होडीचा शेवट पुन्हा वाचणार आहे."

पात्या वाजल्या. "वाचा, वाचा!" विफ्रेदो ओरडला.

"आधी ऐका. मागच्या वेळी शेवटचं पान मी लिहिलेलं होतं. मासिकातलं नव्हतं. धाकटा वाचला नाही. म्हणजे, वाचला की नाही ते कुणालाच माहीत नाही. मीठ नेणारं जहाज नव्हतं. बोटं, जाळी, बर्फाचा कारखाना, सगळं माझं. पियानोच्या वेळेसारख्या पात्या पडतील म्हणून मी ते केलं. आणि एक पान मी गाळलं होतं. ते आता वाचतो."

मी एर्मिनियाबाईंकडे पाहणार नव्हतो. पाहिलं. त्या हातातलं तंबाखूचं पान सरळ करत होत्या.

सातही नावं वाचली. वयं, बाप, गल्ल्या. सहावं नाव वाचलं. निकासियो मोरेहोन, वय सतरा, होडीवरचा स्वयंपाकी, एस्पेरांसा गल्ली, थोरल्या बहिणीबरोबर राहत असे. मग सातवं. मग शेवटचं वाक्य, छापलं आहे तसं.

पाती वाजली नाही, पडलीही नाही. दालनात मोरेहोन एकच आहेत, हे माणसांच्या हळूहळू लक्षात यायला लागलं. एकेक मान पहिल्या रांगेकडे वळली. विफ्रेदो उठला, त्याला काही बोलायचं होतं, तो पुन्हा बसला.

"पुन्हा वाचा," एर्मिनियाबाई म्हणाल्या.

"शेवट?"

"नावं."

वाचली. या वेळी सावकाश. त्यांनी ती सिगार पुरी केली, पेटीत ठेवली, पाती पुसली, आणि घरी जायला निघाल्या. दारातून परत आल्या आणि माझ्या दोन्ही नकाशांचा तो कागद चौथऱ्याच्या कडेवर ठेवून गेल्या. मुकादमाने अडवलं नाही.

मग विफ्रेदो बोलला. "मास्तर, ओर्तेन्सियाबाई पहिल्या पानावरच सांगायच्या, ही कादंबरी आहे म्हणून. आम्ही रडायचो, आणि घरी जाऊन जेवायचो."

मी तो नकाशांचा कागद मासिकात ठेवला आणि चौथऱ्यावरून उतरलो.

१२ एप्रिल, शुक्रवार

मतदान. ओब्दुलियांनी मोजलं. ठेवावा: सतरा. जावा: बहात्तर. पाच जणांनी हात वर केला नाही. सतरांत विफ्रेदो होता. का, ते विचारलं तर म्हणाला, "नापास होण्यात काय असतं ते मला ठाऊक आहे." त्यावर मी त्याला काहीतरी सुनावणार होतो, पण त्याऐवजी त्याचा हात हातात घेतला.

बहात्तरांत पहिला हात एर्मिनियाबाईंचा.

रजा त्यांनी रद्द केली होती. मी टोपी घेऊन निघालो, तेव्हा त्या फाटकापाशी थांबल्या होत्या.

"मी तुमच्या विरुद्ध हात वर केला, मास्तर."

"पाहिलं."

"आज माझं माणूस होतं. उद्या दुसऱ्या कुणाचं असेल."

"हो."

"तुमचा राग आला आहे. तो जाणार नाही, सांगून ठेवते." त्या चालायला लागल्या, म्हणून मीही चालायला लागलो. न्हाव्याचं दुकान मागे टाकलं. मग त्या म्हणाल्या, "ते एकोणीस दिवस मात्र बरे गेले. मी त्याला म्हातारा केला. केस पांढरे केले, थोडं पोट दिलं. दोन बोटं नाहीत, तर सकाळी शर्टाची बटणं कोण लावून देत असेल, हा घोर लागून राहिला होता. असा घोर लागायला बरं वाटतं, मास्तर. सतरा वर्षांच्या पोराचा काय घोर करणार, तो सतराचाच राहतो."

मला माफी मागायची होती. मी मागितली. रस्त्यात, टोपी काढून. त्यांनी माफी स्वीकारली की नाही, समजलं नाही.

"आणि स्वयंपाकी!" त्या एकदम म्हणाल्या. "कुणी सांगितलं त्या लिहिणाऱ्याला? त्याला साधा भात येत नव्हता."

"मासिकात तेवढंच आहे."

"मग मासिकाला ठाऊक नाही." त्या कोपऱ्यावर थांबल्या. "रविवारी या. वही आणा. आणि आपल्या मनाचं काही घालायचं नाही."

१४ एप्रिल, रविवार

गेलो. कॉफी दिली, कडक आणि फार गोड. मी नवी वही उघडून 'त्या अभागी दिवशी' असं लिहिलं. त्यांनी मला वाचून दाखवायला लावलं.

"मी असं म्हटलं?"

"नाही."

"मग?"

खोडलं. त्यानंतर त्यांनी सांगितलं तेवढंच लिहिलं. त्यांनी पाच वेळा मला दुरुस्त केलं. एकदा, कारण कुत्रा तपकिरी नव्हता, पिवळा होता. दोन तास लागले.

निकासियोला होडीवर काम हवं होतं आणि जागा एकच होती, स्वयंपाक्याची. त्याने तांडेलाला सांगितलं, मला सगळं येतं. घरी येऊन बहिणीला सांगितलं, मला काहीच येत नाही. निघायच्या आदल्या संध्याकाळी तिने त्याला भात शिकवला. पहिला करपला, दुसरा कच्चा राहिला, तिसरा त्या पिवळ्या कुत्र्याने खाल्ला. सकाळी ती मागच्या अंगणात कपडे धूत होती. निरोप वगैरे काही झाला नाही, तो दोन आठवड्यांनी यायचाच होता. तो दारापर्यंत गेला आणि तिथून ओरडला, "एर्मिनिया, एका पेल्याला पाणी किती म्हणालीस?"

"दोन," तिने सांगितलं.

मी लिहिलं आणि पेन धरून बसलो. बाई कॉफीचे पेले उचलत होत्या.

"पुढे?" मी विचारलं.

"पुढे मला माहीत नाही, मास्तर. तसंच लिहा."

तसंच लिहिलं.